हायपरस्पेक्ट्रल चित्रातून गोव्याचा जांभा वाचायचा कसा

उपग्रहाच्या साध्या रंगीत चित्रात डिचोली-सांगेचा खाणपट्टा सरसकट तांबडा दिसतो. चिऱ्याची खाण तांबडी, खनिजाचा डंप (खाणीतून काढून टाकलेल्या मालाचा ढीग) तांबडा, ट्रकचा रस्ता तांबडा आणि मंगळुरी कौलांची घरेही तांबडीच. डोळ्याला तीनच रंगांचे भान असते, त्यामुळे हेमॅटाइट व गोएथाइट ही लोहखनिजे आणि केओलिनाइट हे चिकणमातीचे खनिज यांच्यातला फरक त्याला कळत नाही. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा प्रत्येक पिक्सेलसाठी दोन-तीनशे अरुंद पट्ट्यांत प्रकाश मोजतो, आणि मग प्रत्येक खनिज आपापल्या ठरलेल्या जागी प्रकाश गिळताना दिसते. या पद्धतीने मंगळावरची चिकणमाती सापडली, चंद्रावरचे पायरॉक्सिन हे बेसाल्टमधले खनिज मोजले गेले. तीच पद्धत गोव्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कशी चालवायची, ते इथे क्रमाने दिले आहे. लागणारा डेटा आणि सॉफ्टवेअर मोफत आहे.

यापुढे तरंगलांबीचे सगळे आकडे नॅनोमीटरमध्ये आहेत, म्हणून दर वेळी एकक लिहिलेले नाही.

आधी प्रश्न, मग डेटा

"गोव्यात कोणकोणती खनिजे आहेत" हा प्रश्न या कामाला फार मोठा आहे. "या डंपाच्या पृष्ठभागावर गोएथाइट जास्त की हेमॅटाइट" किंवा "पावसाळ्यानंतर खाणीतला गाळ खालच्या शेतात उतरला का" असे नेमके प्रश्न घ्या. कॅमेऱ्याला फक्त कातडी दिसते हे पक्के लक्षात ठेवा. या तरंगलांबीचा प्रकाश मातीत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो, तेही भुसभुशीत मातीत. त्यामुळे वर्णपटावरून, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश परत आला त्या आलेखावरून, खनिजाची प्रत ठरवता येत नाही, साठा तर नाहीच. डंपात लोह किती टक्के आहे ते रासायनिक तपासणीच सांगेल.

दुसरी अडचण पिक्सेलची. नासाचे एमिट हे उपकरण २०२२ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. ते ३८१ ते २४९३ या टप्प्यात २८५ पट्टे मोजते. दोन पट्ट्यांतले अंतर सुमारे ७.४ आहे आणि पिक्सेल ६० मीटरचा, म्हणजे एक पिक्सेल ३६०० चौरस मीटर जमीन व्यापतो. चिऱ्याची लहान खाण त्यात मावते, पण कडेचे काजू आणि गवतही बरोबर घेऊनच. आगरवाड्याच्या मिठागरातल्या एकेका कोंड्याचा (वाफ्याचा) वर्णपट वेगळा हवा असेल तर एमिट उपयोगाचे नाही. त्यासाठी ३० मीटर पिक्सेलचे जर्मन एन्मॅप किंवा इटलीचे प्रिस्मा बघा. दोन्हींचा डेटा नोंदणी केली की मिळतो. मात्र ३० मीटरलाही कोंडा आणि बांध एकमेकांत मिसळतातच.

सुरुवात एमिटने करा. त्याचा परावर्तनाचा डेटा (जमिनीवरून किती प्रकाश परत आला ते आकडे) वातावरणाची दुरुस्ती होऊनच, म्हणजे हवेचा परिणाम काढूनच, हाती येतो आणि सिग्नल स्वच्छ असतो.

तारीख निवडणे: निम्मे काम इथेच होते किंवा बिघडते

गोव्यात या कामाचे तीन वैरी आहेत: हिरवळ, ओल आणि दमट हवा. गणिताची पद्धत कितीही चांगली असो, चुकीच्या महिन्यातले चित्र घेतले तर उत्तर चुकणारच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते, पण सड्यावर गवत हिरवे आणि जमीन ओली. डिसेंबर-जानेवारीत गवत सुकायला लागते, पण सूर्य खाली असतो आणि डोंगरउतारावर सावल्या लांब पडतात. एप्रिल संपता संपता समुद्राकडून बाष्प आणि ढग येऊ लागतात. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे चित्र पहिल्या पसंतीचे. त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत अवकाळी पाऊस झाला नाही ना, ते पाहा. ओली माती सगळाच वर्णपट खाली ओढते आणि २२०० जवळची केओलिनाइटची खूण उथळ करते. या दिवसांत सड्यावरचे गवत जाळलेलेही असते. राख काळी आणि वर्णपटात सपाट असते, तेवढे तुकडे वगळा.

अंतराळ स्थानक रोज ठरलेल्या वेळी गोव्यावरून जात नाही. एक चित्र सकाळी आठचे, तर दुसरे दुपारी तीनचे असू शकते. फाइलच्या नावात वेळ युनिव्हर्सल टाइममध्ये असते, त्यात साडेपाच तास मिळवा. ०५३० असे दिसले तर ते सकाळी अकराचे चित्र. साडेदहा ते दोन या वेळेतलेच घ्या.

नासाच्या अर्थडेटा सर्चवर मोफत खाते उघडा, एमिटचे एल२ए परावर्तन निवडा आणि अक्षांश १४.९ ते १५.८, रेखांश ७३.७ ते ७४.३ असा चौकोन आखा. हे उपकरण मुळात कोरड्या वाळवंटी प्रदेशांसाठी पाठवले होते, त्यामुळे गोव्याच्या प्रत्येक कोपऱ्याचे हव्या त्या महिन्यातले चित्र मिळेलच असे नाही. मिळेल त्यावर प्रश्न बेतावा लागतो.

फाइल उघडणे

प्रत्येक दृश्याच्या तीन फाइली असतात: परावर्तन, त्याची अनिश्चितता आणि मास्क (नको ते पिक्सेल दाखवणारा थर). तिन्ही उतरवा. परावर्तनाचे दृश्य १२८० × १२४२ पिक्सेलचे, २८५ पट्ट्यांचे असते. प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तर १.८ जीबी होतात. भौगोलिक जागेवर बसवल्यावर चौकोन तिरपा होतो, रिकामी जागा वाढते आणि आकार आणखी फुगतो. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप तिथे अडकतो. उपाय सोपा आहे: आधी हवे तेवढेच पट्टे कापून घ्या. चिकणमातीच्या कामाला २००० ते २४५० पुरे, म्हणजे साठेक पट्टे.

ही नेटसीडीएफ फाइल क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये सरळ ओढून टाकली तर चित्र वाकडे आणि जागा चुकलेली दिसते, कारण आकडे कॅमेऱ्याच्या चौकटीतच ठेवलेले असतात. जमिनीवरच्या जागेशी त्यांची सांगड घालणारे कोष्टक फाइलमध्येच वेगळे असते. क्यूजीआयएसमधील एन्मॅप-बॉक्स हे प्लगइन किंवा एलपी डीएएसी या नासाच्या डेटा केंद्राने मोफत ठेवलेले पायथन मॉड्यूल ते काम करून देते. स्वतः कोड लिहिणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा: त्या कोष्टकातले क्रमांक १ पासून सुरू होतात आणि ० म्हणजे रिकामी जागा. पायथन ० पासून मोजतो. एक वजा करायला विसरलात तर सगळे चित्र एका पिक्सेलने सरकते आणि नकाशा दिसायला मात्र बरोबर वाटतो. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारी पद्धत इथे वापरू नका, तिने वर्णपट एकमेकांत मिसळतात.

जागा बरोबर बसली का हे पाहायला साळावली जलाशयाचा काठ आणि शापोराचे मुख सोयीचे आहे. पाणी आणि जमीन यांची सीमा ८६५ च्या पट्ट्यात काळी-पांढरी दिसते. एक-दोन पिक्सेलांचा फरक असेल तर तो मोजून पूर्ण चित्र सरकवा.

आता खराब पट्टे काढा. १३२० ते १४४० आणि १७७० ते १९७० या भागांत हवेतले बाष्प सगळा प्रकाश खाते. तिथे फाइलमध्ये −०.०१ भरलेले असते. हे आकडे तसेच राहिले तर पुढच्या गणितात वर्णपटात खोल खळगा, म्हणजे प्रकाश गिळल्याची खूण, दिसतो आणि नवखा माणूस त्याला "पाणीधारक खनिज" समजतो. कोणते पट्टे चांगले आहेत त्याची यादीही फाइलमध्येच आहे, तीच वापरा.

मास्क: नको ते काढून टाकणे

एमिटच्या मास्कने ढग, पातळ उंच ढग आणि पाणी काढा. ढगाच्या कडेभोवतीचा वाढवलेला मास्कही लावा, किनारपट्टीच्या विखुरलेल्या ढगांत तो लागतोच.

मग हिरवळ. ६६५ आणि ८६५ चे पट्टे घेऊन एनडीव्हीआय हा हिरवळीचा निर्देशांक काढा आणि ०.२५ च्या वरचे पिक्सेल बाजूला ठेवा. ही मर्यादा पवित्र नाही. ०.२०, ०.२५ आणि ०.३० अशा तिन्ही ठेवून नकाशा बघा. तो फार बदलत असेल तर त्या जागेचा निष्कर्ष कच्चा समजा. खाणकाम २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबले. कितीतरी डंपांवर अकेशिया लावलेला आहे. झाडाखालचा डंप या पद्धतीने दिसत नाही, आणि नकाशावर ती जागा "खनिज नाही" अशी न रंगवता "दिसले नाही" अशीच रंगवा. हा फरक नकाशावर न दाखवणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे.

सुके गवत एनडीव्हीआयला सापडत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर तेच पसरलेले असते. त्यातल्या सेल्युलोजचा खळगा २१०० जवळ येतो. तो ओळखण्यासाठी २००० आणि २२०० च्या परावर्तनांच्या सरासरीतून २१०० चे परावर्तन वजा करतात. उत्तर जितके मोठे तितके सुके गवत जास्त. पण उघड्या चिकणमातीत २२०० हीच केओलिनाइटच्या खळग्याची जागा असल्याने उत्तर ऋण येते. म्हणजे हा निर्देशांक गवत दाखवतो खरा, पण माती आणि गवत मिसळलेले असेल तर दोन्ही एकमेकांना झाकतात. अशा पिक्सेलांवर जोरात बोलू नका.

केओलिनाइट: हाताने एक गणित

जांभ्यात लोहाच्या ऑक्साइडांबरोबर केओलिनाइट असते आणि काही ठिकाणी गिब्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिजही. केओलिनाइटची खूण जोडखळग्याची: मुख्य खळगा २२०७ ला आणि त्याच्या डावीकडे २१६५ ला धाकटा. हे दोन्ही दिसले तरच केओलिनाइट म्हणा. फक्त २२०७ चा एकच खळगा अभ्रक किंवा स्मेक्टाइट या दुसऱ्या चिकणमातीचाही असू शकतो. एमिटचे ७.४ चे अंतर या जोडीला वेगळे दाखवायला पुरेसे आहे.

खोली काढायला खळग्याच्या दोन्ही खांद्यांवरून सरळ रेष ओढतात. समजा २१२० ला परावर्तन ०.३०, २२४५ ला ०.३२ आणि २२०७ ला ०.२७ आहे. खांद्यांतले अंतर १२५, डाव्या खांद्यापासून खळगा ८७ वर. रेषेची तिथली उंची ०.३० + ०.०२ × ८७ ÷ १२५ = ०.३१४. खोली = १ − ०.२७ ÷ ०.३१४ = ०.१४. हाच हिशोब प्रत्येक पिक्सेलवर चालवला की केओलिनाइटच्या खुणेचा नकाशा तयार होतो.

खांदे कुठे ठेवायचे यात जागेची जाण लागते. डावा खांदा २१२० ला असतो, म्हणजे सुक्या गवताच्या खळग्याच्या उतारावर. गवत असेल तर खांदाच खाली येतो आणि खोली कमी भरते. उजवा खांदा गिब्साइटच्या वाटेत येतो. गिब्साइटचा खळगा २२६५ जवळ असतो, त्यामुळे बेतुल परिसरातल्या बॉक्साइटी सड्यावर २२४५ चा खांदा आधीच खचलेला असतो. तिथे उजवा खांदा २३१० पर्यंत न्या आणि दोन्ही खळगे एकाच रेषेखाली मोजा.

किती खोलीला "आहे" म्हणायचे? यासाठी छापील आकडा शोधू नका. त्याच चित्रात म्हादई अभयारण्यातले घनदाट रानाचे पाचेकशे पिक्सेल घ्या आणि त्यांवर हाच हिशोब करा. तिथे केओलिनाइट दिसायला नको, तरी काही ना काही आकडे येतीलच. तो तुमच्या चित्रातला गोंगाट. त्याची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने ही तुमची मर्यादा.

लोह: हेमॅटाइट की गोएथाइट

लोहाच्या ऑक्साइडचा रुंद खळगा ८५० ते ९५० या पट्ट्यात बसतो. हेमॅटाइटचा तळ ८६० च्या आसपास, गोएथाइटचा ९१० ते ९३० ला. ७६० आणि १२५० च्या दरम्यान वरची रेष ओढून परावर्तनाला तिने भागा, मग ८४० ते ९६० मधल्या बिंदूंवर परवलय बसवून तळाची नेमकी जागा काढा. तळ ८८०-९०० मध्ये आला तर मिश्रण. त्यावरून टक्केवारी काढू नका. बारीक हेमॅटाइट रंगाला इतके जोरदार असते की थोडेसेही गोएथाइटला झाकून टाकते.

इथे गोव्यात चार ठिकाणी फसगत होते.

पहिली, हवेतले बाष्प ९४० ला शोषते. किनाऱ्यावरच्या दमट दिवशी दुरुस्तीत थोडी कसर राहिली तर प्रत्येक उघड्या जागी गोएथाइट असल्याचा भास होतो. ११४० ला बाष्पाचा दुसरा खळगा असतो. तिथेही दात दिसत असतील तर ९४० जवळच्या उत्तरावर भरवसा नको.

दुसरी, ब्लू डस्ट. मऊ, भरड, करडे हेमॅटाइट काळसर आणि जवळपास सपाट दिसते. उत्तम प्रतीचे खनिज समोर पडलेले असूनही नकाशावर लोहाची खूण नसते. उलट निकृष्ट तांबडी माती झळाळून दिसते. वर्णपटावरून प्रत ठरवू नये, त्याचे सर्वांत ठळक कारण हेच.

तिसरी, धूळ. खाणरस्त्याच्या कडेच्या पानांवर तांबड्या धुळीचा थर बसतो. अशा पिक्सेलमध्ये लोहाची खूण आणि ७०० जवळची पानांची चढण दोन्ही एकत्र दिसतात. हे पिक्सेल चुकीचे नाहीत. धूळ कुठवर पोहोचते हाच प्रश्न असेल तर हेच कामाचे, पण जमिनीच्या खनिजात त्यांना धरू नका.

चौथी, कौले. भट्टीत भाजताना केओलिनाइटमधला हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) निघून जातो, म्हणून कौलांत लोहाची खूण राहते आणि २२०७ चा खळगा जवळपास नाहीसा होतो. जांभ्यात मात्र दोन्ही असतात. लोह आहे पण केओलिनाइट नाही असे ठिपके दिसले तर आधी तिथे वाडा (वस्ती) आहे का ते नकाशावर बघा.

जमिनीवर जाऊन पडताळणी

पडताळणीशिवाय हा नकाशा फक्त अंदाज. किमान तीसेक ठिकाणे घ्या: एक तृतीयांश उघडा सडा, एक तृतीयांश डंप आणि उरलेली ज्यांच्याबद्दल शंका आहे ती. खाणीच्या लीजमध्ये लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. डंपाचे उतार ठिसूळ असतात, कडेवर उभे राहू नका. ठिकाण निवडताना १८० × १८० मीटर जमीन एकसारखी हवी, म्हणजे तीन बाय तीन पिक्सेल. उपग्रहाचा एक पिक्सेल एका दगडाशी जुळवणे व्यर्थ आहे.

हातातला स्पेक्ट्रोरेडिओमीटर (वर्णपट मोजणारे यंत्र) विद्यापीठाकडून किंवा संशोधन संस्थेकडून मिळाला तर ३५० ते २५०० चा घ्या. २५ अंशांच्या दृष्टिक्षेत्राने एक मीटर उंचीवरून सुमारे ४४ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ मोजले जाते. मोजणी साडेदहा ते दोन दरम्यान करा, सूर्याकडे तोंड करून उभे राहा म्हणजे सावली पडणार नाही. गडद कपडे घाला, पांढरा सदरा प्रकाश परत फेकतो आणि आकडे बिघडवतो. पांढऱ्या संदर्भ-फलकाची मोजणी दर दहा मिनिटांनी, आणि ढग आला की लगेच पुन्हा. फलकावर तांबडी धूळ बसली तर तुमच्या सगळ्या वर्णपटांतून लोह कमी होते, म्हणून मोजणी झाली की झाकण लावाच.

दगड फोडून आतली ताजी बाजू मोजण्याचा मोह होतो. उपग्रहाशी तुलना करायची असेल तर तसे करू नका. सड्यावरचा जांभा पावसाळ्यात शेवाळ आणि दगडफुलांनी काळा पडतो, आणि उपग्रहाला तो काळा थरच दिसतो. वरची बाजू आणि आतली बाजू दोन्ही मोजा, वेगवेगळ्या नोंदवा. दोन्हींतल्या फरकावरून कळते की नकाशात सडा का फिका आला.

नमुना वरच्या एक सेंटिमीटरचा, अर्धा किलो, कापडी पिशवीत. प्रत्येकाचा जीपीएस बिंदू आणि जमिनीचा फोटो. वाळवताना तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका, जास्त उष्णतेने जिप्समसारखी पाणीधारक खनिजे बदलतात. यंत्र नसेल तर हेच नमुने एक्स-रे डिफ्रॅक्शनला द्या. केओलिनाइट, गिब्साइट, गोएथाइट आणि हेमॅटाइट तिथे वेगळे दिसतात. जोडीला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची मोफत वर्णपट-लायब्ररी ठेवा. मात्र त्यातले नमुने शुद्ध आणि कोरडे असतात, गोव्याच्या मातीचा वर्णपट त्यांच्याशी हुबेहूब जुळेल अशी अपेक्षा नको.

हीच पद्धत चंद्रावर आणि मंगळावर

चांद्रयान-१ वरच्या मून मिनरॉलॉजी मॅपरचा डेटा नासाच्या ग्रह-अभिलेखागारात आहे. सर्वसाधारण चित्रणात ८५ पट्टे, ४३० ते ३००० पर्यंत. पिक्सेल १४० मीटर, पण मे २००९ मध्ये यानाची कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेल्यानंतर तो दुप्पट झाला. दोन काळांतली चित्रे एकत्र जोडताना हे आधी तपासा. तिथे हिरवळ नाही, बाष्प नाही, पण तापलेली जमीन स्वतःच २००० च्या पुढे प्रकाश सोडते. ती उष्णता वजा केलेला लेव्हल २ डेटाच घ्या, नाहीतर २००० चा पायरॉक्सिनचा खळगा उथळ भासतो.

सरावासाठी सत्तरीच्या ईशान्य कडेचा दख्खन बेसाल्ट घ्या. ताज्या तुकड्यात पायरॉक्सिनचे १००० आणि २००० जवळचे खळगे शोधा आणि चंद्राच्या काळ्या सपाट मैदानांशी ताडून पाहा, तीही बेसाल्टचीच आहेत. बेसाल्टच्या कुजलेल्या सालीत लोहाचा गंज आणि चिकणमाती दिसते, चंद्रावर ती दिसणार नाही. तिथे सूर्यवारा आणि सूक्ष्म उल्का पृष्ठभागाला काळा-तांबूस करतात आणि खळगे उथळ होतात. ३००० जवळची हायड्रॉक्सिलची खूण मात्र गोव्यातल्या मैदानी मोजणीत तपासता येत नाही. पृथ्वीची हवा २७०० च्या आसपासचा प्रकाश अडवते.

मंगळासाठी मार्स रेकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या क्रिझम या उपकरणाचा डेटा वापरा. लक्ष्यचित्रांत पिक्सेल सुमारे १८ मीटरचा, पट्टे ३६२ ते ३९२० पर्यंत. तिथे कार्बन डायऑक्साइडची हवा २००० ला त्रास देते. ती काढण्यासाठी ऑलिम्पस मॉन्स या ज्वालामुखीच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या मोजण्यांच्या गुणोत्तरातून हवेचा वर्णपट मिळवतात आणि चित्राला त्याने भागतात. पुढचे पाऊल ओळखीचे आहे: शंका असलेल्या पिक्सेलचा वर्णपट त्याच स्तंभातल्या धुळकट, निर्गुण पिक्सेलच्या वर्णपटाने भागा म्हणजे उपकरणाच्या खोडी निघून जातात. २२१० ला खळगा आणि डावीकडे धाकटा खांदा उरला तर तो केओलिनाइट, २३०० ला उरला तर लोह-मॅग्नेशियमचे स्मेक्टाइट. भागायला निवडलेल्या पिक्सेलमध्येच चिकणमाती असेल तर खळगा उलटा, म्हणजे टेकाडासारखा दिसतो. असे दिसले की तो पिक्सेल टाका आणि दुसरा निवडा.